न सोडण्याचं कारण

पाणी तापवायचे गिझर बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात एक माणूस होता. त्याला सगळे दिलगीर म्हणत. दिलगीर हे त्याचं नाव नव्हतं, काम होतं. गिझर गळतो, गिझर गुरगुरतो, गिझर पाण्याऐवजी नुसतीच वाफ देतो, अशा तक्रारी येत. आणि दोष गिझरचा नसून आपल्याकडील पाण्याचा आहे, तरीही झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, असं तो उलट कळवत असे. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाच्या चेहऱ्यालाही एक वळण पडतं. तो लिफ्टमध्ये शिरला तरी आतली माणसं उगाचच 'नाही नाही, असू द्या' म्हणत.

नोकरी सोडायची हे त्याचं पक्कं ठरलेलं होतं. कधी, तेवढंच ठरत नव्हतं. त्याला वेताच्या खुर्च्या विणायच्या होत्या. एका सुट्टीत तो कुठल्याशा वर्गाला जाऊन हे शिकला होता, आणि घरातल्या दोन मोडक्या खुर्च्या त्याने इतक्या घट्ट विणल्या होत्या की त्याचे वजनदार सासरेसुद्धा त्यांवर बिनधास्त बसत. एखादी खुर्ची पुरी झाली की तो तिच्यावर बोटाने टिचकी मारी. आवाज चांगला आला, तर ऑफिसात गेल्यापासून जे काही आत आवळलेलं असे, ते तेवढ्यापुरतं सैल होई.

ऑफिसात जिन्याशेजारी, जिथे पूर्वी झेरॉक्सचं मशीन होतं, तिथे चार जण रोज चहाला जमत. चहाचा विषय ठरलेला असे: नोकरी कशी सोडायची. आणि त्या विषयाची एक रीत होती. प्रत्येकाजवळ न सोडण्याचं एक कारण होतं आणि ते ज्याचं त्याच्या मालकीचं होतं. हिशेब विभागातल्या ताईंचं कारण त्यांची मुलगी. मुलीचं शिक्षण व्हायचंय म्हणून ताई अडकल्या होत्या. मुलगी शिकून, नोकरीला लागून, दुसऱ्या गावी राहायला गेली, तरी चहाच्या वेळी ती कॉलेजातच असे. गोदामाकडचे एक जण होते, त्यांचं कारण गुडघा. बाहेर पडलं की उभं राहावं लागतं, आणि गुडघा नाही म्हणतो. गुडघेवाले दर रविवारी बॅडमिंटन खेळत. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. तिसरे आईवाले. आईला धक्का सहन होणार नाही, असं ते सांगत. दुसऱ्याचं कारण आपण वापरायचं नाही आणि दुसऱ्याच्या कारणावर शंका घ्यायची नाही, एवढे दोनच नियम, पण ते सगळे जण धर्म पाळावा तसे पाळत.

दिलगीरचं कारण होतं बायको.

सुरुवात अगदी साधी झाली होती. कोणीतरी विचारलं, "मग सोडत का नाहीस?" आणि तो म्हणाला, "घरी चालणार नाही." चार जणांत बोलतो तसं बोलून गेला. पण सगळ्यांनी अशी काही हळहळ व्यक्त केली की दुसऱ्या दिवशी त्याने थोडी भर घातली. ती म्हणाली, नोकरी सोडलीत तर मी माहेरी जाईन. मग एकदा तिने ताट फेकलं. मग तिने वेताची जुडी खिडकीतून खाली टाकली आणि ती आणायला तो अनवाणी धावला. लोक पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावर ताईंनी त्याला आपल्यातलं एक बिस्किट दिलं. पुढे ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. साहेबही विवाहित होते. तेव्हापासून दिलगीरला सकाळी उशीर झाला तर साहेब घड्याळाकडे न बघता फक्त सुस्कारा सोडत.

खरी बायको दातांच्या एका दवाखान्यात, दाराशी बसून रुग्णांची नावं लिहून घ्यायचं काम करायची. ताट तिने आयुष्यात एकदाच पाडलं होतं, तेही हात साबणाने ओला होता म्हणून. वेत भिजवायला घरातली मोठी बादली तिनेच काढून दिली होती, आणि तो भिजेपर्यंत आपण लहान बादलीवर भागवलं होतं. तिचं माहेर दोन गल्ल्या सोडून होतं. ती रोज संध्याकाळी जायची आणि अर्ध्या तासात परत यायची.

हे सगळं दिलगीरला माहीत होतं. पण ऑफिसातली ती आणि घरातली ही, या दोघींची कधी गाठ पडणार नाही याची त्याने व्यवस्था करून ठेवली होती. ऑफिसात सांगितलेलं, तिला माणसं आवडत नाहीत. घरी सांगितलेलं, ऑफिसातली माणसं आवडण्यासारखी नाहीत.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात एक दिवस चहाच्या वेळी सुटलेला आला.

सुटलेला हा याच ऑफिसातला. मागे तो खरोखरच नोकरी सोडून गेला आणि त्याने जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. जाताना त्याने कुठलंच कारण सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याचं नाव काढताना सगळे जण तुरुंगातून सुटलेल्या माणसाचं काढावं तसं काढत. तो आला तो कपड्यांवर भुसा घेऊन, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "दिलगीर, माझा विणकाम करणारा माणूस गाव सोडून चाललाय. पुढच्या महिन्यापासून ये. भागीदारीत ये. मला बाहेरचा माणूस नकोय."

सगळे दिलगीरकडे बघायला लागले. त्याचं तोंड सवयीने पुढे गेलं.

"मी काय, मी आत्ता येतो रे," तो म्हणाला. "चहा पण खाली ठेवतो. पण घरी..."

"वहिनी," आईवाले खोल आवाजात म्हणाले.

"वहिनी," गुडघेवाल्यांनी मान हलवली.

तेव्हा ताई उठल्या. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे बघ, आता पुरे झालं. सोन्यासारखी संधी चालून आली आहे. रविवारी मी स्वतः येते आणि वहिनींशी बोलते."

दिलगीर हसला. ताई हसल्या नाहीत. कारणावर शंका घ्यायची नाही, असा नियम होता. कारणाला घरी जाऊन भेटायचं नाही, असा नियम कोणी केलाच नव्हता.

रविवार येईपर्यंत त्याला बायकोला सगळं सांगून टाकता आलं असतं. त्याने मनात मसुदाही केला. पण तो कसाही सुरू केला तरी 'झालेल्या गैरसोयीबद्दल' या शब्दांवर जाऊन थांबे. शेवटी रविवारी सकाळी त्याने वेगळाच मार्ग काढला.

"आज आईकडे नाही का गेलीस?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी जाईन की."

"सकाळीच जा. दिवसभर राहा. त्यांनाही बरं वाटेल."

"अहो, चादरी भिजवल्यात. आणि आज माहेरी पाठवायची एवढी कसली घाई झाली तुम्हाला?"

तेवढ्यात बेल वाजली.

दारात ताई, आईवाले आणि सुटलेला, असे तिघे उभे होते. गुडघेवाले बॅडमिंटनमुळे येऊ शकले नव्हते. ताईंच्या हातात फळांची पिशवी होती आणि ती त्यांनी अनोळखी कुत्र्यापुढे हात धरावा तशी पुढे धरली. "वहिनी, रागावू नका हं. आम्ही यांच्या ऑफिसातले."

"रागावू कशाला? या ना, बसा," बायको म्हणाली.

ते बसले, पण सोफ्याच्या कडेकडेने, पटकन उठता येईल असे. ती चहा घेऊन आली तेव्हा स्टीलचा ट्रे बघून आईवाले किंचित मागे सरकले. तिने चांगले कप काढले होते. एरवी ते कपाटात वरच्या फळीवर असत.

ताईंनी घसा साफ केला. "वहिनी, तुमची बाजू आम्हाला समजते. संसार आहे, भीती वाटणारच. पण माणूस आतल्या आत कुढतोय हो. तुम्ही ताट फेकलंत, ते एक वेळ ठीक आहे. रागाच्या भरात होतं. पण वेत असा खिडकीतून टाकायचा?"

"वेत," बायको म्हणाली.

दवाखान्यात काम करून तिला एक गोष्ट साधली होती. समोरच्याला तोंड उघडायला लावायचं आणि आपण गप्प राहायचं. ताई बोलत गेल्या. माहेरी जायची धमकी आली. नातेवाइकांसमोर केलेला अपमान आला. पगाराच्या दिवशीची उलटतपासणी आली. आईवाल्यांनी मधेमधे भर घातली. त्यांना काही प्रसंग ताईंपेक्षा नीट पाठ होते. दिलगीर भिंतीला टेकून उभा होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण ते तिसऱ्या मजल्यावर राहत होते.

बायकोने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. ताईंचं संपल्यावर तिने विचारलं, "हे सगळं मी यांना सोडू देत नाही म्हणून?"

"हो ना."

"यांना सोडायची आहे?"

"अहो, कधीपासून! रोज सांगतात," सुटलेला म्हणाला. "आणि हात चांगला आहे वहिनी. मी उगाच नाही म्हणत. या तुमच्याच खुर्च्या बघा ना."

तिने खुर्च्यांकडे पाहिलं. दिलगीरला मात्र आता त्यांच्याकडे बघवेना. त्याला वाटलं, आता ती बोलणार. आता ती म्हणणार, अहो, मी तर यातलं काही केलंच नाही. आणि मग उद्यापासून जिन्याजवळ कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

"चुकलंच माझं," बायको म्हणाली. "माणूस रागात बोलून जातो. पण तुम्ही सगळे एवढे त्यांच्यासाठी धावत आलात, तर मी कशाला आडवी येऊ? सोडा म्हणावं. उद्याच सोडा."

ताईंनी उठून तिला मिठीच मारली. आईवाल्यांनी डोळे पुसले. सुटलेला दिलगीरच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "झालं! आता घोडामैदान जवळच आहे." सगळे इतके आनंदात होते की दिलगीरच्या चेहऱ्यावरचा रंग उडालाय, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं असतं, तरी त्यांना तो हर्षवायू वाटला असता.

ते गेल्यावर बायकोने कप गोळा केले. तो मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

"कोणतं ताट?" तिने नळ सोडून विचारलं.

"काय?"

"मी फेकलं ते."

"स्टीलचं."

"बरं झालं. काचेचं असतं तर वेचायलाही मलाच लागलं असतं."

ती चिडली असती तर त्याला सोयीचं गेलं असतं. चिडलेल्या माणसाला काय कळवायचं हे त्याला तोंडपाठ होतं. पण ती कप विसळत राहिली, एकेक, कानापाशी बोट फिरवून.

"खरंच सोडायची होती, तर मला एकदा विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर तू..." तो थांबला.

"तर मी काय?"

"तर तू हो म्हणाली असतीस."

नळ चालू होता. तिने तो बंद केला. "म्हणून नाही विचारलंत?"

त्याने मान खाली घातली. एवढं खरं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात तेही खोटं निघालं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हात पुसत गॅलरीत गेली आणि चादरी पिळायला लागली. दुसरं टोक धरायला त्याने हात पुढे केला. "राहू द्या," ती म्हणाली.

सोमवारी तो पायऱ्या चढून वर आला तेव्हा चहावाले सगळे आधीच जमले होते. गुडघेवाले तर उड्या मारायच्या बेतात उभे होते. "काय मग? राजीनामा?"

रात्रभर विचार करून दिलगीरने काहीही ठरवलं नव्हतं. गुडघा दुसऱ्याचा होता. आई दुसऱ्याची होती. त्याला मुलगी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तो या जिन्याजवळ कारणाशिवाय उभा होता, आणि हे अंगावर कपडे नसताना उभं राहण्यासारखं आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

"पलटली," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही गेलात आणि पलटली. म्हणाली, चार लोकांत मला खाली बघायला लावलंत. आता तर मुळीच नाही."

पुन्हा ती हळहळ उसळली. तो तिच्यात ओळखीच्या पाण्यात उतरावं तसा उतरला. आईवाले म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं. चहा जरा जास्तच गोड होता." गुडघेवाले म्हणाले, "मी असतो ना, तर चार शब्द सुनावले असते बाईला." ताईंनी बिस्किटांचा पुडा त्याच्यापुढे सरकवला. त्यांचा चेहरा दुखावलेला होता.

"मी मिठी मारली रे तिला," त्या म्हणाल्या. "हसरी माणसं अशीच असतात. तोंडावर गोड आणि आत विष. आणि अशी बाई दवाखान्याच्या दाराशी बसते! कुठल्या दवाखान्यात ते काल तिनेच सांगितलं. माझी बहीण तिथेच जाते दाताला. तिला आजच फोन करते. डॉक्टरच्या कानावर घाल म्हणावं, तुमच्या दाराशी काय माणूस बसवलंय ते."

दिलगीरचा हात बिस्किटावर होता. त्याला उगाचच बायकोची कपाच्या कानापाशी फिरणारी बोटं दिसली.

"ताई, फोन करू नका," तो म्हणाला. "ती पलटली नाही."

"अरे, आता तिला पाठीशी घालू नकोस."

"नाही पलटली. तिने कधी नाही म्हटलंच नव्हतं."

"मग ताट?" आईवाल्यांनी विचारलं.

"ताट नाही."

"आणि वेत? खिडकीतून..."

"आमच्या खिडकीला जाळी आहे."

"माहेरी जाते म्हणाली होती ना?"

"रोज जाते. दोन गल्ल्यांवर आहे."

गुडघेवाल्यांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे तुला कोणी अडवलं नव्हतं? मग इतकी वर्षं तुझं घोडं पेंड कुठे खात होतं?"

"माझ्याच तबेल्यात," दिलगीर म्हणाला. "मला भीती वाटते. एवढंच आहे."

त्याला वाटलं होतं, ते चिडतील, शिव्या देतील. तसं काही झालं नाही. ताईंनी बिस्किटांचा पुडा हळूच दुमडून बंद केला. गुडघेवाले आपला एक पाय दुसऱ्यामागे लपवल्यासारखे उभे राहिले. कोणी कोणाकडे बघेना. मग आईवाले, जे कधीच कोणाला टाकून बोलत नसत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरं-खोटं सोड रे. पण असं चहाच्या वेळी बोलायचं नसतं."

आणि ते सगळे आपापल्या टेबलांकडे गेले. चहा तसाच राहिला.

दुपारी त्याने सुटलेल्याला फोन लावला. पलीकडे कोणीतरी खिळे ठोकत होतं.

"बोल! कधी येतोस?"

"नाही येत."

ठोकणं थांबलं. सुटलेल्याने मोठा सुस्कारा टाकला. "वहिनी का? परत?"

किती सोपं होतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. सुटलेला बिचारा आपणहून कारण हातात आणून देत होता.

"नाही," तो म्हणाला. "तिचा काही संबंध नाही. मीच नाही म्हणतोय."

"पण का? हात एवढा चांगला आहे तुझा."

"तो चांगला निघाला नाही, तर मग दोष कोणाला देणार?"

"अरे, दे की मला," सुटलेला म्हणाला. "गिऱ्हाइकं मलाच देतात." तो हसला, दिलगीर हसला नाही. मग सुटलेला म्हणाला, "बरं. मी दुसरा माणूस बघतो," आणि पुन्हा खिळे ठोकायला लागला. फोन कोणी ठेवला ते कळलं नाही.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा बायको वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. त्याने चपला काढायच्या आत सगळं सांगून टाकलं. जिन्याजवळचं सांगितलं. फोनवरचंही सांगितलं. आधी पलटली म्हणालो होतो, हे गाळावं असं वाटलं, तेही सांगितलं.

"म्हणजे नोकरी आहे," ती म्हणाली.

"आहे."

"आणि दुकान नाही."

"नाही."

तिने चादर छातीशी धरून तिची टोकं जुळवली. बराच वेळ ती जुळवतच राहिली.

"मी आज दवाखान्यात सांगून बसले," ती म्हणाली. "आमचे हे दुकान टाकतायत, भागीदारीत. डॉक्टर म्हणाले, वेटिंग रूममधल्या सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडेच देऊ. मी तिथल्या पैसे घेणाऱ्या बाईंनासुद्धा सांगितलं."

दिलगीर एका पायात चप्पल घेऊन तसाच उभा राहिला. तिने त्याच्याबद्दल बाहेर काही सांगितलं असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि सांगितलं ते काय, तर हे.

"आता उद्या काय सांगू त्यांना?" तिने विचारलं.

"माझं नाव सांग," तो म्हणाला. "सांग, नवरा नाही म्हणाला. त्याचीच हिंमत झाली नाही."

"तेच सांगणार," ती म्हणाली, आणि घडी घातलेली चादर त्याच्या हातात दिली. "मला कुठे गोष्टी रचता येतात?"